तेवीस किलो

मिरजेत आमचा जर्मनचा वर्ग भरायचा
सतारी करणाऱ्यांच्या दुकानावर, वरच्या माळ्यावर.
खाली कुणीतरी तार लावत असायचं,
ती थोडी चढायची, थोडी उतरायची,
आणि वर आम्ही सतराजणी
तोंडं वेडीवाकडी करून एकच स्वर घोटायचो
जो आपल्या बाराखडीत कुठंच बसत नाही.
कुरणेबाई म्हणायच्या, ओठ शिट्टीचे करा आणि ई म्हणा.
शबाना मुजावरला पहिल्या दिवशी जमला.
मला दिवाळीनंतर.

त्यांच्यातही तो, ती, ते आहे
हे कळलं तेव्हा ओळखीचं गाव लागल्यासारखं वाटलं.
एकवीसही आपल्यासारखंच, आधी एक मग वीस.
पण सूर्य तिथं बाई निघाला.
आणि मुलगी, ते.
ते मुलगी.
मी हसले, मग आठवलं,
आत्या सगळ्यांना सांगायची, ते पोर लई गुणाचं.

दिवसा वर्ग, रात्री मेल सर्जिकल.
सलाइनचे थेंब मी परक्या आकड्यांत मोजायचे
आणि चुकले की पुन्हा मराठीत.

कुठं दुखतंय, हे वाक्य
भिंतीला चारशे वेळा तरी विचारलं असेल.
परीक्षेत बाई म्हणाल्या, फ्राउ तामखडे,
रुग्णाचं दुखणं एक ते दहात सांगा.
मला आठ नंबरचे दगडूआण्णा आठवले, कवठ्याचे.
"सिस्टर, हितनं कायतरी निघतंय
आणि पाठीत जाऊन बसतंय,
बोलावलं तर येत न्हाई."
याचा आकडा काय?
मी सात म्हणाले.
पास झाले.

शेवटच्या ड्यूटीला चार्ज देताना सगळं लिहिलं,
औषधं, ड्रेसिंग, कुणाची लघवी मोजायची,
आणि नऊ नंबरला रात्री दिवा चालू लागतो.
त्याला रकाना नव्हता. समासात लिहिलं.

आता विट्यात, पुढच्या खोलीत बॅग उघडी.
पप्पांनी आयुबच्या भंगाराच्या दुकानातून
ताणकाटा आणलाय.
एकोणतीस वर्षं त्रिशूरला गलाईच्या भट्टीवर
मिलिग्रॅमसाठी भांडलेला माणूस,
ॲसिडनं नखं गेलेल्या बोटांनी बॅग उचलून धरतो,
श्वासही घेत नाही.
"चोवीस किलो शंभर. अकराशे जादा,"
जणू कुणाचं तरी सोनं चुकून आमच्याकडं आलंय
आणि उद्या धनी दारात येणार.

स्वेटर काढला. परत घातला.
चपला काढल्या.
आईनं दिलेली येसराची पुडी काढली.
शब्दकोश काढायला गेले तर म्हणाले,
"ऱ्हाऊ दे त्यो. मला कुणी दिला न्हवता."

मग तीच गोष्ट.
सोळाव्या वर्षी गेले तेव्हा तिकडचा एक शब्द येत नव्हता.
पहिल्याच दुपारी भट्टीपुढं घसा सुकला,
वाटेत ऐकलेलं काहीतरी मागितलं,
तर शेठच्या पोरानं चांदीचा तुकडा पुढ्यात आणून ठेवला.
वेळ्ळम म्हणजे पाणी. वेळ्ळी म्हणजे चांदी.
आम्ही दरवेळी हसतो.
आज पहिल्यांदा मला त्यातली तहान ऐकू आली.
विचारलं, मग पाणी कधी मिळालं?
ते म्हणाले, "मिळालं की. संध्याकाळी."

बॅग पुन्हा काट्याला लावली.
"तुझ्या तिकडं काय म्हणत्यात पाण्याला?"
"वासर."
"वासरू?"
"वासर, पप्पा."
"म्हंजे तहान लागली की गोठ्याकडं बघून हाक मारायची,"
आणि ते बॅग धरूनच हसायला लागले,
काटा बावीस, पंचवीस, तेवीस, कुठंच थांबेना.

बॅग खाली ठेवली तेवढ्यात
आईनं येसर मोज्यांखाली सरकवलं.
पप्पांनी पाहिलं.
चेन लावली, आणि ताणकाटा
आयुबला परत द्यायला म्हणून
उंबऱ्याशी नेऊन ठेवला.